जादूचा प्राणी कुरकुरतो तेव्हा

इंग्लंडच्या केंट परगण्यातली खडीची जुनी खाण. चार भावंडं खणत खणत थेट ऑस्ट्रेलिया गाठायच्या खटपटीत आहेत आणि पाचवं, धाकटं बाळ, वाळूतच झोपलंय. एवढ्यात खड्ड्यातून कुणीतरी कोरड्या आवाजात बजावतं, मला हात लावायचं काम नाही. मागोमाग आवाजाचा धनी वर येतो. डोळे गोगलगायीसारखे लांब शिंगांच्या टोकावर, पाहिजे तेव्हा आत, पाहिजे तेव्हा बाहेर. कान वटवाघळाचे, अंग कोळ्यासारखं गरगरीत, त्यावर दाट मऊ लव आणि हातपाय माकडाचे.

दुसऱ्या एखाद्या लेखकाने इथे वीज कडाडवली असती, मुलांना हात जोडायला लावले असते. एडिथ नेस्बिटबाई वाद लावून देतात. त्या प्राण्याला मुख्य राग येतो तो आपण कोण हे या पोरांना ओळखता येत नाही याचा. वाळूतली परी समोर बसलीय आणि यांना पत्ता नाही! मुलं बिचारी सारवासारव करतात, की छे, आता नीट पाहिल्यावर अगदी स्पष्ट दिसतंय. त्यावर तो फणकारतो, तुम्ही मला पाहायला लागलात त्याला बरीच वाक्यं होऊन गेली.

वाक्यं; मिनिटं नव्हेत. ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ वाचताना मी दर वेळी इथे थांबून हसतो. हजारो वर्षं वाळूत काढलेला हा प्राणी वेळ मोजतो ती बोलण्याने, आणि खरं सांगायचं तर या पुस्तकात वेळ तशीच मोजली जाते. घटना घडतात, पण लक्षात राहतं ते कोण कुणाला काय म्हणालं.

या प्राण्याचं नाव सामिअॅड. दिवसातून एक इच्छा पुरी करायची त्याची ताकद आहे, पण ती तो अशी पुरी करतो की जणू कुणी त्याला जिना चढून पाणी आणायला सांगितलंय. श्वास रोखतो, फुगत फुगत दुप्पट होतो, मग सुस्कारा टाकतो. पाण्याची त्याला भयंकर धास्ती. कधी काळी एका मिशीचं टोक भिजलं होतं, त्याचं दुखणं अजून सांगतो. पूर्वी त्याचे कितीतरी भाऊबंद होते. त्या वेळची मुलं समुद्रकाठी वाळूचे किल्ले करायची, किल्ल्याभोवती खंदक खणायची, खंदकात पाणी शिरायचं, सामिअॅड भिजायचे, त्यांना सर्दी व्हायची आणि ते मरायचे. एका आख्ख्या जातीचा अंत सर्दीने झाला हे सांगताना त्याचा सूर असतो तो दूरच्या नात्यातल्या एखाद्या आजारी काकांचा. ऐकणाऱ्याने कीव करावी आणि मध्ये बोलू नये अशी अपेक्षा.

मुलांच्या अद्भुत कथांमध्ये विनोद कुठून येतो, याचं एक उत्तर इथे सापडतं. जादू पूर्ण अद्भुत आणि बोलणं पूर्ण रोजचं. दोन्हींपैकी कुणीही दुसऱ्यासाठी स्वतःला बदलत नाही. पंख फुटलेली मुलं देवळाच्या मनोऱ्यावर अडकली, तरी त्यांच्यातली चर्चा चालते ती जेवणाचं काय आणि घरी काय सांगायचं याचीच.

हे आज साधं वाटतं, पण इंग्रजी बालसाहित्यात संवाद इथवर यायला बरीच वर्षं लागली. आधीच्या पुस्तकांत मुलं बोलत नव्हती असं नाही. चिकार बोलायची. पण ते बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा असायची. १७८३ पासून भागाभागाने निघालेल्या थॉमस डे यांच्या ‘सँडफर्ड अँड मर्टन’मध्ये मिस्टर बार्लो नावाचे गुरुजी प्रश्न विचारतात, शहाणा मुलगा बरोबर उत्तर देतो, लाडावलेला मुलगा चुकतो आणि पुढच्या वेळी सुधारतो. मेरी मार्था शेरवूड यांच्या ‘फेअरचाइल्ड फॅमिली’त (१८१८) भावंडं आपसात भांडली म्हणून वडील त्यांना फासावर लटकत ठेवलेलं प्रेत दाखवायला नेतात. भांडणाचा शेवट असा होतो, हे मुलांनी बघून ठेवावं म्हणून! अशा पुस्तकात मूल काय बोलणार? ‘होय बाबा.’

लुईस कॅरलने हा कारभार उलटा केला. खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये गणिताचा अध्यापक. ४ जुलै १८६२ रोजी लिडेल कुटुंबातल्या तीन बहिणींना नावेतून फिरवताना त्याने गोष्ट रचत नेली आणि १८६५ मध्ये ती ‘अॅलिस’ म्हणून छापून आली. गोष्ट तोंडी जन्मली, समोर तीन मुली मध्येच प्रश्न विचारायला बसलेल्या. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर अॅलिस बहिणीच्या हातातल्या पुस्तकात डोकावते, त्यात चित्रं नाहीत आणि संवादही नाहीत म्हटल्यावर तिचा त्यातला रसच संपतो. लेखकाने इथे आपला जाहीरनामाच तिच्या तोंडी घातलाय म्हणा ना.

मग ती ज्या जगात पडते तिथे मोठी माणसं, म्हणजे सुरवंट, डचेस, राण्या, टोपीवाला, सगळी तिला प्रश्न विचारतात. फरक एवढाच की प्रश्न वेडगळ असतात आणि अक्कल मुलीकडे असते. चहाच्या टेबलावर ससा तिला वाइन घ्यायचा आग्रह करतो. वाइन तर कुठे दिसत नाही. ती तसं म्हणते, तर ससा शांतपणे कबूल करतो की नाहीच आहे. नसलेल्या गोष्टीचा आग्रह करणं असभ्यपणाचं आहे, असं ती सुनावते. न बोलावता येऊन बसणं तरी कुठे सभ्य, असा ससा उलट टोला देतो. दोघांचंही म्हणणं बिनतोड आहे. गंमत नेमकी तिथे आहे. या चहापार्टीत कुणीच मूर्ख नाही, प्रत्येकजण तर्काने बोलतोय, आणि सगळ्यांचे तर्क मिळून वेड्यांचा बाजार भरलाय. डचेसला तर दिसेल त्या गोष्टीत तात्पर्य सापडतं. शेरवूडबाईंची पुस्तकं वाचून कंटाळलेल्या त्या काळच्या मुलांना ती कुणासारखी बोलते हे सांगायची गरज पडली नसेल.

आपल्याकडे ‘उलट उत्तर देऊ नये’ हा घरोघरचा कायदा. त्या काळच्या इंग्लंडातही तो होताच. या पुस्तकांत उलट उत्तराला पहिल्यांदा प्रतिष्ठा मिळाली, आणि माझ्या मते मुलांना ती इतकी आवडण्याचं निम्मं कारण तेच आहे. राक्षसाला तलवारीने मारणं कुणाही मुलाच्या हातचं नाही. पण अरेरावी करणाऱ्या राणीला दोन शब्द सुनावणं, हे मात्र रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मनातल्या मनात चालूच असतं.

कॅरलची अॅलिस मात्र एकटी आहे. तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. नेस्बिटबाईंनी (१८५८–१९२४) तिथे भावंडं आणली आणि सगळा रंगच पालटला. सिरिल मोठा, म्हणून पुढारपण करणारा, अँथिया समजूतदार आणि त्यामुळे जरा त्रासदायक, रॉबर्ट चिडका, जेन भित्री. धाकट्याला सगळे ‘लँब’ म्हणजे कोकरू म्हणतात. संकट कितीही मोठं असो, हे आधी एकमेकांवर खेकसतात, मग कुणीतरी माफी मागतं, मग बेत ठरतो. घरात दोन-तीन पोरं असलेल्या कुणालाही यातला एकही संवाद बनावट वाटणार नाही.

ही गोष्ट १९०२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून हप्त्याहप्त्याने आली, एच. आर. मिलरच्या चित्रांसह. शेरलॉक होम्सच्या कथा छापणारं तेच ते ‘स्ट्रँड’. मासिक मोठ्यांचं, घरी येणारं, मुलांना वाचून दाखवलं जाणारं. याचे दोन परिणाम पुस्तकात स्पष्ट दिसतात. एक म्हणजे साधारण दर प्रकरणाला एक इच्छा आणि तिची एक फजिती, असा सुटसुटीत साचा. दुसरा जास्त महत्त्वाचा: विनोद दोन मजली झाला. वरच्या मजल्यावर वाचून दाखवणारे आईवडील गालात हसतात, खालच्या मजल्यावर मुलं खो खो हसतात, आणि दोघंही हसतात त्याच वाक्याला, पण वेगवेगळ्या कारणांनी.

आता इच्छांकडे येऊ, कारण संवादाची खरी करामत तिथे आहे. आपल्याकडे वडीलधारी माणसं बजावतात, असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. नेस्बिटबाईंनी जवळजवळ याच कल्पनेवर पुस्तक उभं केलंय. सुरुवातीच्या इच्छा मुलं ठरवून मागतात. सुंदर व्हायचं मागितलं तर इतकी सुंदर होतात की घरातली मोलकरीण मार्था ओळखतच नाही आणि दारातून हाकलून देते, दिवसभर उपास. सोनं मागितलं तर आख्खी खाण जुन्या मोहरांनी भरते, पण बाजारात त्या कुणी घेईना, शेवट पोलिसात. इथवर हे नेहमीच्या परीकथांसारखंच. पण पुढे पुढे इच्छा मागितल्याच जात नाहीत, त्या तोंडून निसटतात. बाळ सारखं मध्ये मध्ये करतं म्हणून रॉबर्ट वैतागून म्हणतो, हा खरोखरच सगळ्यांना हवासा वाटला असता तर आपल्याला जरा उसंत मिळाली असती. झालं! एरवी मुलांचा तिटकारा करणारी एक श्रीमंत बाई गाडी थांबवून बाळाला उचलून नेते, आणि भावंडं दिवसभर ज्याला त्याला बाळापासून लांब ठेवत धावतात. म्हणजे इथे कथानक एका बाजूला आणि संवाद वर पेरलेले, असं नाहीच. बेसावधपणे बोललेलं वाक्य हेच कथानक.

सगळ्यात बहारीचं प्रकरण बाळाच्या मोठं होण्याचं. ते समजायला आधीची एक अट लक्षात ठेवायला हवी. घरच्या नोकरमाणसांना जादूतलं काहीही जाणवू नये, असं मुलांनी त्या पहिल्या फजितीनंतर लगेच मागून घेतलंय. नंतर एके दिवशी बाळ घड्याळाची वाट लावतं आणि सिरिल चिडून बोलून जातो, हा एकदाचा मोठा झाला तर बरं. तत्क्षणी बाळाचा मिशा फुटू लागलेला तरुण होतो. अंगावर झोकदार कपडे, जवळ सायकल, बोलण्यात आढ्यता. त्याला या चार लहान पोरांची लाज वाटते. लँब म्हणू नका, आपल्याला भारदस्त नावं आहेत, असं तो सुनावतो. आपण आता शहरात जाणार, तुम्ही घरी पळा. इकडे भावंडांचा जीव टांगणीला, कारण सूर्य मावळला की हा जिथे असेल तिथे पुन्हा तान्हा होणार. मग सायकलवरच्या एका तरुणीशी त्याचं गोड गोड संभाषण सुरू होतं, आणि त्याच्या पाठीमागे मोठी बहीण ‘बाळाला’ परत न्यायच्या युक्त्या लढवत उभी. शेवटी फाटकात मार्था भेटते. तिला जादू दिसत नाही, तिला दिसतं तिचं नेहमीचं बाळ. ती लाडाने बोबडं बोलत त्याला उचलून कडेवर घेते. मुलांच्या डोळ्यांसमोर एक आढ्यताखोर, पुरुषभर उंचीचा तरुण मोलकरणीच्या कडेवरून निषेध करत घरात नेला जातो.

इथे लेखिकेने एकही कोटी केलेली नाही. कितीतरी प्रकरणांपूर्वी घातलेली एक अट तिने फक्त पाळलीय. विनोदी अद्भुतकथा लिहिणाऱ्याला नियम मोडायची मुभा असते असं पुष्कळांना वाटतं, आणि तिथेच बऱ्याच नव्या पुस्तकांचा पचका होतो. जादू हवी तेव्हा हवी तशी वाकवली की हसू येत नाही, नुसता गोंधळ होतो. नेस्बिटबाईंची जादू सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखी आहे. अर्जात लिहिलंय तेवढंच देणार, भावार्थ बघणार नाही.

पुढच्या दोन पुस्तकांत हा विनोद वयात आला. ‘द फीनिक्स अँड द कार्पेट’मधला (१९०४) फीनिक्स पक्षी चिडका नाही, गर्विष्ठ आहे. लंडनमध्ये आपल्या नावाचं एक देऊळ आहे असं तो मुलांना सांगतो. देऊळ म्हणजे कुठलं, तर फीनिक्स नावाची आगीचा विमा उतरवणारी कंपनी! अशी कंपनी लंडनमध्ये खरोखरच होती. तिथले साहेब आणि कारकून पक्ष्याच्या प्रभावाखाली येऊन भर कचेरीत त्याची आरती करायला लागतात. आणि ‘द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट’मध्ये (१९०६) बॅबिलॉनची राणी काळ ओलांडून लंडनला येते. ब्रिटिश म्युझियमच्या काचेत स्वतःचे दागिने बघून ते परत मागते. पण खरा घाव वेगळाच आहे. रस्त्यावरचे कामकरी बघून ती म्हणते, तुमचे गुलाम फारच खंगलेले दिसतात, सांभाळा, नाहीतर बंड करतील. सिरिल घाईघाईने सांगतो की ते बंड करणार नाहीत, त्यांना मत असतं. मत म्हणजे काय, ताईत का, आणि ते त्याचं करतात काय, असं राणी विचारते. सिरिल गडबडून म्हणतो, तसं विशेष काही करत नाहीत. मग राणीला कळतं: अच्छा, खेळणं आहे म्हणजे.

१८८४ मध्ये फेबियन सोसायटी ही समाजवादी संस्था ज्यांनी स्थापन केली त्यांत नेस्बिटबाई होत्या. त्या विचारांवर त्यांना भाषण ठोकता आलं असतं. ते न करता त्यांनी एका मुलाला गडबडू दिलं आणि एका राणीला प्रामाणिक प्रश्न विचारू दिला. हा प्रसंग मोठेपणी वाचला तर हसू जरा घशात अडकतं. अर्थात त्यांचं सगळंच आज गोड लागत नाही. ‘रेड इंडियन’ हल्ला करतात ते प्रकरण, किंवा ‘अॅम्युलेट’मध्येच शेअर बाजारातल्या ज्यू दलालांची केलेली टवाळी, ही त्या काळच्या पूर्वग्रहांची भेसळ आहे. मुलांना वाचून दाखवताना तिथे थांबून बोलावं लागतं.

नंतर हा वारसा फुटून अनेक दिशांना गेला. सी. एस. लुईसने लहानपणी नेस्बिट वाचल्याचं आत्मचरित्रात लिहिलंय; त्याच्या नार्निया-कथांमधली भावंडं जादूच्या देशात जाऊनही एकमेकांना टोचून बोलतात, ती सवय त्यांना कुठून लागली हे उघड आहे. टॉल्किनच्या ‘हॉबिट’मध्ये (१९३७) तीन भयंकर राक्षस शेकोटीभोवती बसून लंडनच्या हमरस्त्यावरच्या टगेगिरीच्या भाषेत बोलतात, आणि त्यांची नावं आहेत बर्ट, टॉम आणि विल्यम. बुटक्यांना शिजवायचं कसं यावर त्यांचं जुंपतं, ते भांडण लांबत गेलं म्हणूनच बुटके वाचतात. तिथेही जीव वाचवायला तलवार नाही, बोलणंच कामी येतं.

पण निव्वळ संवादाचा कारागीर म्हणून मी ए. ए. मिल्नला वरचा पाट देईन. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा हा एकेकाळचा उपसंपादक आणि यशस्वी नाटककार. ‘विनी द पूह’ (१९२६) वाचताना त्याचं नाटक लिहिणं प्रत्येक पानावर दिसतं. त्याची पात्रं एकमेकांशी बोलतच नाहीत म्हटलं तरी चालेल, प्रत्येकजण आपापल्या विषयावर बोलत असतो. पूह या अस्वलाच्या डोक्यात मध, पिगलेट या डुकराच्या पिल्लाच्या डोक्यात भीती, आणि ईयोर नावाचं गाढव कायम गृहीत धरून चाललेलं की आपल्याला कुणी विचारणार नाही. ईयोरच्या वाढदिवसाला पिगलेट फुगा आणायला धावतो, वाटेत पडतो आणि फुगा फुटतो. हातात उरलेली ओली चिंधी तो ईयोरला देतो. ईयोर रागावत नाही. अगदी शांतपणे चौकशी करतो: हा फुगा होता तेव्हा त्याचा रंग कोणता होता? लाल. माझा आवडता. आकार केवढा होता? साधारण माझ्याएवढा, पिगलेट म्हणतो. ईयोरचा आवडता आकारही तोच. एकेक प्रश्न सावकाश आणि सभ्यपणे येतो, आणि पिगलेट प्रत्येक उत्तरागणिक आणखी खचतो. लहान मुलं इथे ईयोरच्या हळू बोलण्याला हसतात. मोठ्यांना मात्र आपल्या ओळखीचं असं बोलणारं कुणी ना कुणी आठवतंच.

ही सगळी पुस्तकं मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचली तर दुप्पट रंगतात, कारण ती मुळात कानांसाठीच रचलेली आहेत. मात्र आवाज बदलून, नाट्य करून वाचू नये. सामिअॅडचं बोलणं सरळ तोंडाने, किंचित वैतागून वाचावं, बाकीचं तो स्वतः करतो. सुरुवात करायची असेल तर बाळ मोठं होतं त्या प्रकरणापासून करू नका, मोह झाला तरी. नोकरांना जादू दिसत नाही ती अट आधीच्या प्रकरणात वाचलेली नसेल, तर फाटकातली मार्था वाया जाते.